देवळातल्या शपथेचा दावा

भित्र्या माणसाला रेकॉर्ड रूममध्ये नेमू नये, हे मी रुजू झाले त्या दिवशीच साहेबांना सांगायला हवं होतं. पण मी साहेबांनाही भीत होते, त्यामुळे ते राहून गेलं आणि नोकरीची सगळी वर्षं कोर्टाच्या जुन्या कागदांत गेली. लांबलचक खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे. या गठ्ठ्याला आमच्यात रुमाल म्हणतात. आत शिरण्याआधी मी दारात उभी राहून टाळ्या वाजवत असे, म्हणजे पाली, उंदीर आणि आणखी जे कोणी असतील त्यांनी आपापल्या घरी जावं. एकदा मांडणीमागे सापाची कात सापडली. साप काही सापडला नाही. तो सगळा पावसाळा मी खुर्चीवर मांडी घालून काम केलं. बाकीचे हसायचे, मी हसू दिलं.

पण पाली-उंदरांपेक्षा मला भीती वाटायची ती हसतमुखाने आपले पूर्वज शोधायला येणाऱ्या माणसांची. त्यांना वाटतं, जुना कागद म्हणजे आजोबांचा फोटो. कोर्टाचा कागद तसा नसतो. तिथे माणूस येतो तो भांडायला येतो.

एक गृहस्थ आले होते, पुण्यातले, चांगले सुटाबुटातले. त्यांचे पूर्वज सरदार होते असं घरात सांगत आले होते. मी शोधलं. दुसऱ्याच्या उभ्या पिकात म्हशी घातल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा, आणि वर म्हशीच आपल्या नव्हेत असा बचाव. गृहस्थांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "बाई, दुसरा एखादा पूर्वज मिळेल का?"

तरीही सांगते, घराण्याचा माग काढायचा तर कोर्टासारखी जागा नाही. जमिनीच्या वाटपाचा दावा लागला की सगळी वंशावळ लिहून द्यावी लागते. कोण कोणाचा मुलगा, कोण दत्तक गेला, कोणत्या विधवेने पाट लावला. खोटं लिहिलं तर समोरचा वकील टपलेलाच असतो. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीची उलटतपासणी कोणी घेत नाही, इथे घेतात. मुलींची नावं मात्र या झाडावर सहसा नसतात, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. आणि सगळे कागद कायम राहतही नाहीत. निकाल, हुकूमनामा, रोजनामा टिकतो. साक्षीदारांच्या जबान्या आणि बाकीचं मुदत संपली की नष्ट करतात.

रोजनामा म्हणजे दाव्याची रोजची हजेरी. आज कोण आलं, कोण नाही, तारीख का वाढवली, याच्या दोन-दोन ओळी. लोक कागद हातात आला की आधी निकाल वाचतात. मी आधी रोजनामा वाचते. निकालात जज्जसाहेबांना जे महत्त्वाचं वाटलं ते असतं, रोजनाम्यात जे घडलं ते असतं. ही माझी शिस्त. ती मी एकदाच मोडली, त्याचीच ही हकिकत.

निवृत्तीनंतर मी पुण्याजवळ भरे गावात मुलाकडे राहायला आले. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पल्लवी आणि सागर राहायचे. पल्लवी परभणीची, हिंजवडीला कंपनीत. सागर धरणाकाठच्या माले गावचा, जवळच लवळ्याला हॉस्टेलच्या मुलांची खाणावळ चालवायचा. पल्लवीला दिवस गेले तेव्हा मी तिला डिंकाचे लाडू नेऊन दिले. तिने डबा घेतला आणि तिथेच दारात रडायला लागली.

"काकू, माझं बाळ जन्मायच्या आधीच त्यांनी देऊन टाकलंय."

मग तिने आत नेऊन सगळं सांगितलं. सागरचे आजोबा, ज्यांना सगळे तात्या म्हणत, माल्याच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. तात्यांचे आजोबा राघू. धरणाचं पाणी येऊन जमिनी बुडाल्या त्याच्या आसपासची, शंभरेक वर्षांपूर्वीची गोष्ट. उरलेल्या चांगल्या शेतावरून राघूचं भावकीशी भांडण लागलं, कोर्टात गेलं. राघूने भैरवनाथाच्या देवळात जाऊन, थोरला मुलगा गणपत याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की शेत माझंच. शपथ खोटी होती. शेत मिळालं आणि गणपत मेला. तेव्हापासून या घरात पहिला मुलगा जगत नाही, असं घरातले मानत आले. तात्यांचा थोरला भाऊ गेला. तात्यांचा पहिला मुलगा गेला. सागरच्या आधी एक भाऊ होता, तोही पाळण्यातच गेला.

आता पल्लवीला मुलगा झाला तर तो जन्मल्याबरोबर खेडला सागरच्या आत्याकडे द्यायचा, असं ठरलं होतं. नाव आत्याच्या घरचं लावायचं. दूधसुद्धा आईचं पाजायचं नाही, म्हणजे तो या घरचा आहे हे देवाला कळू नये.

मी नकळत पाय वर घेऊन मांडी घातली. तरी मी म्हटलं, "अगं, तू शिकलेली, मिळवती. नाही म्हण. कोण काय करणार आहे?"

"म्हटलं ना. सागरलाही सांगितलं. पण काकू, डोळे मिटले की मलाच वाटतं, मी हट्ट केला आणि बाळाला काही झालं तर? मी हे मानत नाही. पण मी भिते."

 भीतीच्या बाबतीत मी तिची थोरली बहीणच होते.

तिनेच पुढे सांगितलं की तात्यांशी वाद घालताना ती बोलून गेली होती, हे सगळं ऐकीव आहे. त्यावर तात्या म्हणाले होते, "ऐकीव न्हाई. कोरटात लिवलेलं हाय. जा, कागद आन. कागद येगळं बोलला तर मी तुजं ऐकतो." म्हातारा शब्दाचा पक्का होता. म्हणून तिला माझी मदत हवी होती.

शोध सुरू केला. अशा वेळी लोकांकडे दाव्याचा नंबर नसतो, सालही नसतं. मग उलट्या बाजूने जायचं. शेताचे जुने फेरफार काढायचे, म्हणजे जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी. कोर्टाच्या निकालामुळे नोंद बदलली असेल तर तिथे दाव्याचा नंबर असतो. पौडच्या तहसील कचेरीत चार खेपा झाल्या आणि नंबर मिळाला. पाहणीचा अर्ज सागरच्या नावाने करायचा होता, कारण वारस तो. त्याने सही केली. अर्ज न वाचताच माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच माझ्याकडे आला. चपला न काढता दारातच उभा राहिला. चहा नको म्हणाला.

"काकू, सापडलं न्हाई म्हणून सांगा ना."

"अरे, पण सापडेल आता. नंबर मिळालाय."

"म्हणूनच म्हणतोय. आत्ता कसंय, निदान नक्की माहिती न्हाईये. कागदावर आलं की नक्कीच होईल. मग पल्लवीचं काय होईल सांगा. आणि..." तो थांबला. "मला पण नकोय ते बघायला. मी खाणावळीत दीडशे पोरांना जेवायला घालतो. एखादं पोरगं दोन दिवस दिसलं न्हाई तरी मी त्याला हॉस्टेलवर बघून येतो. मला स्वतःचं पोरगं कसं काय..."

वाक्य पुरं न करता तो निघून गेला. मी दार लावलं आणि बराच वेळ कडीवर हात ठेवून उभी राहिले. तो चुकीचं बोलत नव्हता. मी आयुष्यभर लोकांना कागद काढून दिले, पण कागद निघाल्यावर त्यांच्या घरी काय झालं ते मला कधी बघावं लागलं नव्हतं. इथे भिंतीपलीकडे घर होतं. पल्लवी खोकली तरी मला ऐकू यायचं.

कोर्टात गेले. माझ्या जागी आता एक तरुण क्लार्क आहे, त्याने ओळख ठेवून मला बसायला खुर्ची दिली. रुमाल समोर आला. लाल कापड विटून विटकरी झालेलं. गाठ सोडण्याआधी मी हलकेच टाळी वाजवली. आणि त्या भीतीपोटी मी ती चूक केली. मला एकदाचं कळून घ्यायचं होतं, म्हणून रोजनामा बाजूला ठेवला आणि निकाल उघडला.

निकाल इंग्रजीत होता, लहानसाच. त्या काळच्या कायद्यात एक सोय होती. एका पक्षाने म्हणायचं, समोरच्याला देवळात जाऊन शपथेवर सांगू दे, मी दावा सोडतो. समोरचा तयार झाला तर कोर्ट आपला माणूस देवळात पाठवायचं. शपथ झाली की तीच पुरावा, पुढे चौकशी नाही. मात्र शपथ ज्याने त्याने स्वतःपुरती घ्यायची. तिसऱ्या माणसावर तिचं ओझं टाकायला कायद्याची परवानगी नव्हती. प्रतिवादी राघूला देवापुढचा बेलभंडार, म्हणजे बेलपान आणि हळदीचा भंडारा, उचलायला सांगितलं होतं, एवढंच.

कोर्टाने पाठवलेल्या कमिशनरचा अहवाल जज्जसाहेबांनी त्याच्याच शब्दांत निकालात उतरवून घेतला होता. प्रतिवादीने उजव्या हातात बेलभंडार घेतला. शब्द उच्चारताना त्याने आपण होऊन डावा हात शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाच्या डोक्यावर ठेवला. मुलगा सुमारे सात वर्षांचा. मी हात काढण्यास सांगितलं. तोवर शब्द उच्चारून झाले होते.

मी निकाल मिटला. अक्षरशः कापड वर ओढलं. घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलेली गोष्ट कागदावर तशीच्या तशी होती. देऊळ होतं, हात होता, पोराचं डोकं होतं.  त्या क्लार्कने पाणी आणून दिलं. मला वाटलं, सागरचं ऐकायला हवं होतं. आता पल्लवीला काय सांगू? पाहिलंच नाही म्हणू? कागद उंदरांनी खाल्ला म्हणू? नोकरीत एवढ्या वेळा खऱ्याखऱ्या उंदरांनी खाल्ले, एक खोट्या उंदराने खाल्ला तर काय बिघडतं?

रुमाल परत करण्याआधी पानं लावून ठेवायची म्हणून रोजनामा हातात घेतला. तो मराठीत, मोडी लिपीत होता. सवयीने डोळे ओळींवरून फिरायला लागले. वादी हजर. प्रतिवादी हजर. तारीख वाढवली. पुन्हा हजर, पुन्हा तारीख. आणि मग एके ठिकाणी: प्रतिवादी गैरहजर, त्याचा थोरला मुलगा तापाने वारला सबब वकील मुदत मागतात, मुदत दिली.

मी ती ओळ पुन्हा वाचली. खालची पाहिली. त्याच्याही खालची पाहिली. शपथेची बोलणी त्यानंतर पुढे कितीतरी तारखांनी होती.

थोरला मुलगा शपथेच्या आधी गेला होता. मग देवळात उभा होता तो कोण? निकालातली वंशावळ काढली. राघूच्या नावाखाली एकच रेघ, रेघेखाली एकच नाव. सखाराम. तात्यांचे वडील.

सगळ्या कागदांच्या नकला घेतल्या आणि रविवारी पल्लवी-सागरबरोबर माल्याला गेले.  त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की मला तात्यांच्या समोर वाचायचंय. पल्लवीने एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतं. मनगटावर तिची नखं उमटली होती.

तात्या पडवीत पाटावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, हडकुळे, डोळ्यांत पाणी साचणारे. सागरचे वडील खांबाला टेकून उभे, आई दाराच्या आत.

"वाचा," तात्या म्हणाले. "मदी काय गाळू नगा."

मी आधी निकाल वाचला. डाव्या हाताचं वाक्य आलं तेव्हा सागरच्या आईने पदर तोंडात धरला. तात्यांनी मान हलवली.

"बगा. म्या काय निराळं सांगत हुतो? लिवलंय त्यात."

"तात्या, थांबा. अजून आहे." मी रोजनामा वाचला. थोरला मुलगा वारल्याची ओळ दोनदा वाचली. "गणपत आधीच वारला होता. तापाने. देवळात ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो सखाराम. तुमचे वडील."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. तात्यांना कळलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा बोलणार होते.

"आप्पा?" ते म्हणाले. "आमचा आप्पा? आवं, त्यो तर म्हातारा हून गेला. ह्या सागरला मांडीवं घिऊन बसायचा."

"हो ना."

"पर मग... ही गोष्ट आमाला आप्पानंच सांगितली की. सोताच्या तोंडानं. गणपाच्या डोस्क्यावर हात ठिवला म्हून."

 तात्या पायरीकडे बघत राहिले, मग हळूहळू बोलायला लागले, आमच्याशी नव्हे, स्वतःशीच.

"आप्पा डोक्याला हात लावू देत न्हवता कुनाला. न्हाव्याला सुदीक न्हाई. सोता कातर घिऊन बसायचा, सारं वाकडं कापायचा. आई डोक्याला तेल लावाया गेली तर वसकन अंगावं यायचा. आमी हसायचो. लई हसायचो त्येला." त्यांचा हात आपल्याच डोक्याकडे गेला. "त्यो भेत हुता. जलमभर भेत हुता त्यो. आन सांगायचं कुनाला, बापाचं नाव घिऊन? मेलेल्या भावाला पुडं केलान."

मला तेव्हा त्या सात वर्षांच्या पोराची इतकी दया आली की कागद खाली ठेवावा लागला. म्हातारपण येईपर्यंत तो रोज मरणाची वाट बघत जगला होता. बाकी मुलं जाण्याचं म्हणाल तर त्या काळी कोणत्या घरात जात नव्हती? दुसऱ्या घरांनी दुःख केलं आणि विसरले. या घराने मोजदाद ठेवली. पण हे मी तिथे बोलले नाही. ज्यांनी आपली मुलं पुरली होती त्यांच्या समोर असलं शहाणपण सांगवत नाही.

तात्यांनी डोळे पुसले. "बाई, एक सांगा. शपत खरी हुती का खोटी?"

हाच प्रश्न येणार म्हणून मी आदल्या दिवसापासून धास्तावले होते. "ते कागदात नाही, तात्या. शपथ झाली की कोर्ट पुढे विचारत नसे. शेत कोणाचं ते साक्षीदारांच्या जबान्यांत कळलं असतं, त्या आता नाहीत."

"मंजी भ्या हाय तितंच हाय."

 खरं तेच होतं. तेवढ्यात पल्लवी पुढे झाली. अवघडलेली होती, तरी त्यांच्या समोर खाली बसली.

"असू द्या, तात्या. मलाही वाटते भीती. पण ज्यांच्या डोक्यावर हात ठेवला ते जगले, हे तर लिहिलंय ना? बाळ माझ्याजवळ राहू द्या. भ्यायचंच तर आपण सगळे मिळून भिऊ. आप्पांसारखं एकट्याला नको."

सागर तिच्या मागे येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच तो तिच्या बाजूने उभा होता.

तात्या पाटावरून उठले. मला वाटलं, म्हातारा फिरतो आता. मग ते दाराकडे वळून सुनेला म्हणाले, "खेडला फोन लाव. म्हनावं, पोरगं येत न्हाई. आईपाशी ऱ्हाईल."

मुलगाच झाला. खोटं कशाला बोलू, मुलगी व्हावी म्हणून मी मनात फार घोकलं होतं, म्हणजे सगळेच सुटले असते.

बारशाला मी माल्याला गेले. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, कानात नाव सांगून झालं, एकेक जण येऊन बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देऊ लागला. तात्या कोपऱ्यात बसून होते. शेवटी पल्लवीनेच हाक मारली, "तात्या, या ना."

ते उठले. पाळण्याजवळ आले. हात पुढे केला आणि तो बाळाच्या डोक्याच्या वर अधांतरी थांबला, खाली येईना.  सागरची आई भिंतीला चिकटून उभी होती. मग तात्यांनी पल्लवीचा हात धरला, तिचा तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवला आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला.

बाळ झोपलेलंच होतं. मी जन्मभर कागदावर विसंबून राहिलेली बाई. पण ते दोन हात तिथून उचलले जाईपर्यंत मी डोळे घट्ट मिटून भैरवनाथाचं नाव घेत होते.